रॉड गेला तर जाऊ दे

बाबा, तुमची नात मासे पकडते. एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायला मला फार वर्षं लागली, कारण तुम्ही नदीत गेलात त्या महिन्यापासून मी तुमच्याशी अबोला धरला होता. मेलेल्या माणसाशी अबोला धरणारी बाई जगात दुसरी नसेल, असं तुमचे जावई म्हणतात, आणि ते चेष्टेत म्हणत असले तरी खोटं नाही. तुमच्या फोटोला मी हार घालते, तुमच्या तिथीला आई करायची तशी खीर करते, पण बोलत नाही. आज बोलते आहे, कारण आज मला दुसरं काही सुचत नाही. ऑक्टोबर आहे. इथे अमेरिकेत, बॉथेलला सकाळपासून पाऊस लागला आहे, इथला तो बारीक, न थांबणारा, आणि डोंगरापलीकडे तो बारीक नसणार हे फोनवरच्या नकाशात दिसतंय. तुमची नात त्या डोंगरापलीकडे एका ओढ्यात मांडीभर पाण्यात उभी आहे. पाण्याबाहेर आली की ती मला 'ऑफ द वॉटर' असा मेसेज करते. तो अजून आलेला नाही. फोन मी किचनच्या टेबलावर डब्याला टेकवून उभा ठेवला आहे आणि त्याच्यासमोर बसून हे लिहिते आहे.

तिचं काम तुम्हाला कसं समजावून सांगू? इथल्या डोंगरांतल्या थंड, नितळ ओढ्यांमध्ये ट्राउट नावाचा मासा असतो. अंगावर ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा. तो पाण्यावरचे किडे खातो. म्हणून गळालाच पिसं आणि दोरा गुंडाळून किड्याचं रूप द्यायचं, लांब, लवचीक रॉडने तो खोटा किडा पाण्यावर अलगद ठेवायचा, आणि मासा फसला की हळूहळू ओढत आणायचा. शहरातली माणसं त्यासाठी गाइड घेतात. गाइड त्यांना छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून पाण्यात उतरवतो, कुठे उभं राहायचं, गळ कुठे टाकायचा ते दाखवतो, त्यांनी केलेले गुंते सोडवतो, दुपारी काठावर बसवून जेवायला घालतो. आणि मासा लागला की फोटो काढून त्याला परत पाण्यात सोडून देतात. होय बाबा, सोडून देतात. पैसे देऊन, दिवसभर गारठून पकडलेला मासा. हे ऐकून तुम्ही हातातली बिडी विझेपर्यंत हसला असतात आणि आईला हाक मारली असती, "ऐकलं का वं, तिकडचे मासे पाहुणचाराले येतेत."

तर ही गाइड म्हणजे तुमची नात. कम्प्युटर सायन्स शिकली, रेडमंडला चांगल्या नोकरीला लागली, आणि थोड्याच दिवसांत ते सगळं टाकून डोंगरापलीकडच्या एका इवल्याशा गावात जाऊन राहिली. तिथलं मासेमारीच्या सामानाचं एक दुकान तिला गिऱ्हाइकांबरोबर पाठवतं. मी डोक्याला हात लावला. आमच्याकडच्या मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणांमध्ये एक डॉक्टर काकू आहेत, आता रिटायर झालेल्या, सगळ्यांच्या मुलांचा हिशेब ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मासे पकडायला शिकवते? अगं, गॅप इयर असेल. येईल परत." मी म्हटलं, "हो काकू, गॅप इयरच." त्याच काकूंनी फार पूर्वी विचारलं होतं की तुझे वडील काय करायचे गं, आणि मी सांगून मोकळी झाले होते, "फिशरीजमध्ये होते." त्यांच्या डोळ्यांपुढे सरकारी ऑफिस आणि जीप उभी राहिली असणार. मीही ते चित्र पुसायला गेले नाही. आपण ढिवर, आपली आई बाजारात मासळीची टोपली घेऊन बसायची, हे सांगायची लाज वाटत होती म्हणावं तर तसं नाही. ती नदी कोणाच्या तोंडून परत ऐकायची नव्हती, एवढंच. मी तुमच्या नदीपासून विमानाने जितकं लांब जाता येतं तितकं लांब आले होते. आणि ही पोरगी आपण होऊन पाण्यात जाऊन उभी राहिली.

पाण्याच्या काठी मला तुम्ही एकदाच रागावलात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. लांब जाळ्याचं एक टोक घेऊन तुम्ही डोंग्यातून वैनगंगेत गोल फिरत येता आहात, दुसऱ्या टोकाचा दोर काठावर माझ्या हातात आहे. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा, हे तुम्ही सांगितलंय. जाळ्यात काहीतरी मोठं येतं, दोराला हिसका बसतो, तळहात सोलून निघतो आणि मी सोडून देते. जाळं एका बाजूने गोळा होतं, आतलं सगळं निघून जातं. तुम्ही काठाला येता, डोंगा लावता, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मला वाटतं, आता मार बसणार. तुम्ही मारत नाही. माझा हात उघडून बघता आणि शांतपणे विचारता, "काहून सोडला?"

"हात कापला, बाबा."

"हात भरून येते. जाळं गेलं तं घर कायवर चालन? काही होवो, हातातला दोर सोडाचा नाही."

बस्स, इतकंच. मग तुम्ही माझ्या हाताला हळद लावलीत आणि त्या दिवशी आईने फक्त झिंग्यांची चटणी केली, कारण दुसरं काही नव्हतंच. चुलीपाशी तुम्ही तुमच्या ताटातले झिंगे माझ्या ताटात सारत होतात. मला ते झिंगे गिळवेनात. त्यानंतर मी कधी काही सोडलं नाही, बाबा. शाळा नाही, शिष्यवृत्ती नाही, नागपूरचं कॉलेज नाही, नोकरी नाही. माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं आहे, आणि माझा मॅनेजर दर वर्षी तेच कौतुक करतो की ही एकदा मागे लागली की सोडत नाही. त्याला काय माहीत हे कुठून आलंय.

मी नागपूरला हॉस्टेलवर निघाले तेव्हा तुम्ही मला एक पिशवी दिलीत. जाळ्याच्याच निळ्या नायलॉनच्या दोऱ्याची, तुम्ही बांबूच्या सपाट सुईने विणलेली, पुस्तकं ठेवायला. मला इतकी शरम वाटली की ती पिशवी मी ट्रंकेच्या तळाशी घातली आणि पुस्तकं छातीशी धरून हिंडले. तीच पिशवी माझ्याबरोबर अमेरिकेत आली, कशी ते मलाही सांगता येणार नाही, आणि इथे गराजमध्ये कांदे भरून टांगलेली असायची. तुमच्या नातीने शाळेत असताना एकदा ती उतरवली, कांदे जमिनीवर ओतले आणि म्हणाली, "आई, हे नॉट्स कसे केलेत? शो मी." माझ्या बोटांना ती गाठ येत होती. इतक्या वर्षांत एकदाही मारली नव्हती तरी आली. मी कौतुकाने शिकवली. आज ती गिऱ्हाइकांचे मासे पाण्यातून उचलायची झोळी स्वतः विणते, त्याच गाठीने. दार मीच उघडून दिलं, दुसऱ्या कोणावर चिडू?

तुम्ही गेलात त्या दिवशी मी तिथे नव्हते, पण आईने ते मला इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे होते असंच मला आठवतं. पोळा होऊन गेलाय. वरच्या धरणाचं पाणी येणार म्हणून सकाळीच दवंडी झाली आहे. सगळे पाण्याबाहेर आलेत. तुम्हीसुद्धा आलात, काठावर बसलात, पंच्याने डोकं पुसलंत, कोणीतरी दिलेला चहा हातात घेतलात. पाणी चढतंय. नदीत मध्ये रोवलेल्या बांबूंना लावलेलं नवं जाळं ताणलं जातंय. एक बांबू वाकतो. तुम्ही उठता. शेजारचा म्हणतो, "बसा ना गा. जाऊ द्या." तुम्ही कप खाली ठेवता, कलंडू नये असा नीट, आणि आत जाता.

खालच्या वळणावर सापडलात. गावात अजून सांगतात की जाळ्यात पाय अडकला. आई मात्र मरेपर्यंत एकच सांगायची, पाय अडकला नव्हता, जाळं मुठीत होतं. माणसांनी मूठ उघडून ते काढलं. आई हे अभिमानाने सांगायची का दुःखाने, मला कधी कळलं नाही, पण ते ऐकलं की माझं रक्त उकळायचं. मी शेवटच्या वर्षाला होते, भाऊ शाळेत होता. जाळं दुसरं विणता आलं असतं. एक पावसाळा ओसरीवर बसून विणलं असतंत, मी सुट्टीत येऊन मदत केली असती. म्हणजे एका बाजूला जाळं होतं, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं होतो, आणि तुम्ही जाळं निवडलंत. हा हिशेब मी मनात इतकी वर्षं घट्ट धरून ठेवला होता. आम्ही तुम्हाला आठवलोसुद्धा नाही, याचा मला राग होता, आणि तो राग मला आवडायचा.

या ऑगस्टमध्ये तुमची नात म्हणाली, "आई, तू कधी येतच नाहीस. एक दिवस माझी क्लायंट हो ना. मदर्स डेचं राहिलेलं गिफ्ट समज." मी टाळलं असतं, पण तिच्या बाबांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "अगं, तिला तुला दाखवायचंय. जा. ती ट्रेन्ड आहे, काही होत नाही." आम्ही तिच्या ट्रकमधून निघालो. घाट चढेपर्यंत सगळं हिरवंगार, घाट उतरलो की एकदम कोरडं ऊन आणि पाइनचा वास. मग एका वळणानंतर अख्खा डोंगर काळा. आदल्या वर्षी वणव्यात जळलेला. झाडांचे नुसते बुंधे उभे, जळलेल्या काड्यांसारखे, आणि खाली राख. ओढा त्या डोंगराच्या कुशीतूनच येत होता. मी विचारलं, "इथे पाऊस पडला की काय होतं?"

"मड येतो. झाडं राहिली नाहीत ना पाणी धरायला." तिने आभाळाकडे बघितलं. "आज मॉर्निंग क्लिअर आहे. दुपारपर्यंत आपण बाहेर असू."

तिने हे अगदी सहज म्हटलं. तुम्हीही हवामान असंच सांगायचात, दुसऱ्याच्या घरचं असल्यासारखं.

काठावर तिने मला ती रबरी विजार चढवली आणि कमरेचा पट्टा गच्च आवळला, मला श्वास घेता येईना इतका. पट्टा ढिला असला की विजारीत पाणी भरतं, म्हणाली. मग समोर उभी राहिली. "आता रूल्स. सगळ्या क्लायंट्सना हे स्पीच देते, तुला डिस्काउंट नाही. पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे. पाण्याचा रंग बदलला, काड्या-पानं यायला लागली, की मी 'आऊट' म्हणेन आणि तू बाहेर. का, कशाला, विचारायचं नाही. पडलीस तर पाठीवर हो, पाय पुढे. आणि रॉड सोडून द्यायचा. रॉड गेला तर जाऊ दे. इट्स जस्ट अ रॉड. दुकानाचा आहे, इन्शुअर्ड आहे."

मी हसले. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तुझे आजोबा असते तर या स्पीचला उठून गेले असते. ती हसली नाही. "आणि लास्ट. तू वाहायला लागलीस तर मी काठावरून दोर फेकणार. ही थ्रो बॅग, दोर हिच्यात असतो. आत येणार नाही. एकाच्या जागी दोघं गेले तर काय यूज? आम्हाला हेच शिकवलंय." बाबा, तुम्हाला काय वाटेल माहीत नाही, पण पोरीच्या तोंडून 'मी आत येणार नाही' ऐकून मला इतकं बरं वाटलं. घरात पहिल्यांदा कोणीतरी सोडून द्यायला शिकलं होतं.

मग ती पाण्यात उतरली आणि माझं बरं वाटणं संपलं. ती तुमच्यासारखी उभी राहते. डावी कूस प्रवाहाला, उजवा गुडघा जरा वाकलेला, मान किंचित खाली, पाणी काय म्हणतंय ते ऐकत असल्यासारखी. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. तुमचा चालता-बोलता व्हिडिओ नाही, आहे तो एक फोटो, स्टुडिओत ताठ बसून काढलेला. हे उभं राहणं तिला कोणी दिलं? तिने माझा हात धरून रॉड मागे-पुढे करायला शिकवलं, दोरा हवेत कसा उलगडू द्यायचा, दगडाच्या मागच्या शांत पाण्यात किडा कसा उतरवायचा. मला जमेना. मग जमलं. मासा लागला. वीतभराचा असेल, पण रॉडमधून तो हिसका थेट खांद्यापर्यंत आला आणि मी मोठ्याने हसले, नदीकाठी इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने हात ओले करून मासा माझ्या हातात दिला. माझा अंगठा सरळ त्याच्या कल्ल्यात गेला, तुम्ही मासा मारायचात तसा.

"आई, नो!" तिने माझा हात धरला. "हलक्या हाताने. त्याला सोडायचंय ना."

मी घाबरून अंगठा काढला. मासा वाचला, तिने त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं, तो शेपटी हलवून गेला. पण मी आपल्या हाताकडे बघत राहिले. मी अंगठ्याला सांगितलं नव्हतं. तो आपला आपण गेला होता.

दुपार व्हायच्या आतच काळ्या डोंगराच्या मागे ढग आले. गडगडलं, लांब कुठेतरी. आमच्यावर ऊनच होतं. तिने दोनदा वर बघितलं. मला आधी वास आला, ओल्या राखेचा, चुलीवर पाणी सांडल्यावर येतो तसा. मग माझ्या गुडघ्यापाशी नितळ पाण्यात चहाच्या रंगाची एक रेघ आली, मग पाइनच्या काड्या. ती म्हणाली, "आऊट. नाऊ." आवाज चढवला नाही. मी पाय सरकवत बाहेर आले, शहाण्या क्लायंटसारखी. गोट्यांवर बसले. रॉड बाजूला ठेवला, पाण्यापासून हातभर. ती वरच्या अंगाला ठेवलेल्या पिशव्या गोळा करायला वळली आणि म्हणाली, "बसू नकोस, ट्रककडे चल." मी बाहेर होते, बाबा. कोरड्या जागी होते. माझ्या हातात चहाचा कप असता तर पुरती तुमची जागा झाली असती.

पाणी गोट्यांवर चढलं आणि रॉड हलला. आधी टोक फिरलं, मग मूठ उचलली गेली, मग तो निघाला.

यापुढचं मला आठवतं ते असं की रॉड माझ्या हातात होता आणि पाणी माझ्या छातीला होतं. मधलं काही नाही. 'जाऊ का' नाही, 'नको' नाही. पाण्याने पाय उचलले, मी पाठीवर झाले नाही, पाय पुढे केले नाहीत, तिने सांगितलेलं एक अक्षर मला आठवलं नाही. थंडीने छाती बंद झाली होती. पाणी काळं होतं, तोंडात गेलेलं राखेसारखं लागलं. मग कमरेच्या पट्ट्याला मागून हिसका बसला. दोर नव्हता तो. ती होती. थ्रो बॅग तिच्या पाठीवर तशीच बांधलेली होती, मी ती नंतर पाहिली. तिने पट्टा दोन्ही हातांनी धरला होता आणि आम्ही दोघी मिळून वाहत होतो, एका आडव्या पडलेल्या ओंडक्याला आपटेपर्यंत. तिथून तिने मला खेचत काठावर नेलं. मी खोकत पडले होते आणि ती माझ्या उजव्या मुठीतून रॉड काढत होती, रडत, इंग्लिशमध्ये शिव्या देत, एकेक बोट उघडत.

आम्ही ट्रकपाशी चढून आलो तेव्हा खाली ओढ्यातून चिखल येताना दिसला. कालवलेल्या सिमेंटसारखा, मोठमोठे ओंडके घेऊन, दगडांचा आवाज करत. ज्या गोट्यांवर मी बसले होते ते दिसेनासे झाले. तिने हीटर पूर्ण चालू केला. ट्रक रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "पाय घसरला का?"

"हो," मी म्हटलं. "काठ सुटला पायाखालचा."

तिने मान हलवली. गाइडला हे कळतं, काठ सुटतात. मग मी विचारलं, "तू आत का आलीस? रूल होता ना. दोर फेकायचा."

"आय नो."

"मग?"

ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "आय डोन्ट नो, आई. मी थिंकच नाही केलं. आय जस्ट वेंट."

मला त्या क्षणी काय झालं ते मी फक्त तुम्हालाच सांगू शकते. माझा तुमच्यावरचा राग गेला. इतकी वर्षं जपलेला, तूप घालून पोसलेला राग, घाट चढायच्या आत गेला. तुम्ही निवडलं नव्हतंत. तिथे जाळं एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला असं काही नव्हतंच, फक्त हात होता, आणि तो निघाला. आम्ही तुम्हाला आठवलो नाही, बरोबर. मलाही ती आठवली नाही. माझी एकुलती एक पोरगी चार पावलांवर पाठमोरी उभी होती आणि मी दुकानाच्या इन्शुअर्ड रॉडसाठी पाण्यात गेले. मला तुमची आठवण येऊन मी त्या ट्रकमध्ये रडले, बाबा, तुम्ही गेलात तेव्हा रडले नव्हते तशी. तिला वाटलं, भीतीने रडते आहे.

भीती नंतर आली, आणि ती आता जात नाही. रागच बरा होता. तुम्ही चुकीचं निवडलंत असं मी मानत होते तोवर मला वाटायचं, आपण पोरीला बरोबर निवडायला शिकवू. पण यात निवडण्यासारखं काही नसलं तर मी तिला काय शिकवू? आणि शिकवायचं ते मी आधीच शिकवून बसले आहे. पियानो आवडत नव्हता तरी सोडू दिला नाही. पोहण्याच्या क्लासला रडायची, तरी नेलं. गणिताच्या स्पर्धेत हरून आली की म्हणायचे, धरलंय ना, मग सोडायचं नाही. तुमचंच वाक्य, फक्त त्यातला दोर काढून टाकलेला. तिच्या दुकानवाल्यांनी तिला एका उन्हाळ्यात शिकवलं की रॉड गेला तर जाऊ दे, आत जायचं नाही. तेवढ्याने काय होणार? माझ्या पट्ट्याला तिचे दोन्ही हात होते. पाणी आणखी थोडं मोठं असतं तर तिने ते सोडले असते का? मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. आज तिच्याबरोबर दोन गिऱ्हाइकं आहेत, टेक्सासकडची नवरा-बायको, पहिल्यांदाच पाण्यात उतरणारी. तो काळा डोंगर त्यांच्या डोक्यावर आहे आणि नकाशात त्याच्यावर पाऊस आहे. ते दोघं पडले तर ती दोर फेकेल का? मी इथे बसून त्या अनोळखी माणसांना मनातल्या मनात सांगते आहे, रॉड सोडा, रॉड सोडा.

परवा तिला फोनवर म्हटलं, "मला एक प्रॉमिस दे. परत असं झालं, अगदी मी जरी असले, तरी तू आत यायचं नाहीस."

"ओके, आई. आणि तू नीट बघून पाय टाकशील?"

"हो," मी म्हटलं. दोघी खोटं बोललो. तिचं मला कळलं. माझं तिला कळलं नाही.

आत्ता फोन वाजला. 'ऑफ द वॉटर. ऑल गुड. सॉरी, सिग्नल नव्हता.' मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि पुढच्या शनिवारचं हवामान बघितलं. पुन्हा पाऊसच आहे, आणि तिचं बुकिंगही आहे. तुमचे जावई बाहेरून विचारत आहेत, चहा टाकू का. टाका म्हटलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. गावच्या घरी आता कोणी राहत नाही, आणि तुम्हाला अक्षरं जुळवत वाचायला किती वेळ लागायचा ते मला माहीत आहे. इथेही कोणाच्या हाती लागू नये, निदान तिच्या. तिला वाटतं, माझा पाय घसरला आणि गारठ्याने बोटं आखडली होती. आखडली नव्हती, बाबा. ती एकेक बोट उघडत होती आणि मी ते परत मिटत होते.